पावती कुणाच्या नावे?

मंडळाचा इतिहास लिहायचं काम यंदा कोषाध्यक्षाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. अध्यक्षांनी लिहिला असता तर तो ध्येयधोरणांपासून सुरू झाला असता, कार्यवाहांनी लिहिला असता तर पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तापासून. मला पावतीपुस्तकापलीकडे काही दिसत नाही, हा माझ्यावरचा जुना आरोप आहे, तेव्हा मी पैशापासूनच सुरुवात करते. बाईच्या बाजूनं जग बघणारे चित्रपट दाखवायचे, ते करणाऱ्यांना मानधन द्यायचं, तिकीट कॉलेजच्या पोरींना परवडेल एवढंच ठेवायचं आणि हे सगळं कुणा शेठजीच्या किंवा पुढाऱ्याच्या मेहेरबानीशिवाय चालवायचं, एवढ्यावर आपलं मंडळ जमलं. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न त्याच दिवशी निघाला आणि अजून निघतोच आहे. पण कोल्हापुरात सिनेमासाठी पैसे उभे करायची गोष्ट आपल्यापासून सुरू होत नाही. ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्या पहिल्या पानावर एका बाईचं नाव आहे: तानीबाई कागलकर.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. दर 1 डिसेंबरला तिथं सिनेमातली मंडळी जमतात, हार घालतात, कारण 1 डिसेंबर 1917 ही महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनेची तारीख मानली जाते. कंपनी काढणारे बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये आला आणि या दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. आनंदराव 1916 मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथंच तयार केला. ही गोष्ट कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते आणि ती अभिमानानं सांगण्यासारखी आहेच. पण कॅमेरा हातानं करता येतो. कच्ची फिल्म, रसायनं, जागेची डागडुजी आणि माणसांचे पगार हातानं करता येत नाहीत. शाहू महाराजांचा आश्रय होता, तरी कंपनी चालवायला रोकड लागते, आणि ती गायिका तानीबाईंनी दिली.

चित्रपटाच्या इतिहासात तानीबाई बहुधा एका वाक्यात येऊन जातात. त्यांच्या आर्थिक साहाय्यानं कंपनी उभी राहिली, एवढंच ते वाक्य. पुढच्या वाक्यात बाबूरावांची प्रतिभा सुरू होते. माझ्यासारख्या हिशेबी बाईला तिथंच थांबावंसं वाटतं. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायकांच्या अंगावर सोनं असे, हातात पैसा नसे. स्वतः मिळवलेला आणि स्वतःच्या मर्जीनं घालवता येईल असा पैसा शहरातल्या ज्या मोजक्या बायकांजवळ होता, त्यांत गाणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या बैठकीला जायला प्रतिष्ठितांना चालत असे, त्यांना घरी बोलवायला चालत नसे. अशा एका बाईनं, ज्या धंद्यात नफा होईल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं, त्या धंद्यात पैसा घातला. सिनेमा तेव्हा जत्रेतल्या चमत्कारापेक्षा फार वरचा मानला जात नव्हता. तारण म्हणून दाखवायला बाबूरावांकडे होता तो कॅमेरा आणि त्यांचा हात.

त्याच वर्षांत या संस्थानात बायकांसाठी कायदे होत होते, हेही इथंच नोंदवते. 1917 मध्ये पुनर्विवाहाचा, 1919 मध्ये बायकांच्या छळाविरुद्धचा, 1920 मध्ये जोगत्या-मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्धचा. आणि 7 फेब्रुवारी 1920 ला पुण्याच्या आर्यन सिनेमात महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट लागला, ‘सैरंध्री’.

‘सैरंध्री’ची कथा महाभारतातली आहे म्हणून ती पौराणिक चित्रपटांच्या यादीत जाते. पण नीट बघितलं तर ती विराटाच्या राजवाड्यात चाकरी करणाऱ्या बाईची कथा आहे. राणीचा भाऊ तिच्या मागं लागतो, दरबार बघत बसतो आणि नोकरी सोडायची सोय नसते. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वठलं होतं की त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी आणि सुवर्णपदक दिलं.

आणि पडद्यावर दिसल्या त्या दोन बायका? फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती पुरुषानं केली होती. बाबूरावांनी बायकांची कामं बायकांना दिली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यासाठी त्यांची नावं बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. सिनेमात काम केलं म्हणून त्यांच्या जातभाईंनी त्यांना वाळीत टाकलं आणि त्यांना कंपनीच्या आवारातच राहायची वेळ आली. ज्या जागेच्या उभारणीत एका बाईचा पैसा होता, तीच जागा दुसऱ्या दोघींना डोक्यावरचं छप्पर म्हणून उपयोगी पडली. यापलीकडे त्या आवारातल्या बायकांच्या दिवसाबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही. कॅमेऱ्याची लाकडी पेटी कशी जुळवली याचं मात्र बारकाईनं वर्णन मिळतं.

कंपनीनं पुढं ‘सिंहगड’ (1923) केला, ‘कल्याण खजिना’ (1924) केला, आणि 1925 मध्ये ‘सावकारी पाश’. कर्जापायी जमीन जाऊन शेतकरी शहरात गिरणीच्या दाराशी येतो, अशी त्याची कथा. कमलादेवी त्यातही होत्या. दुसऱ्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कंपनीनं सावकारावर चित्रपट काढावा, यातली गंमत त्या काळी कुणाच्या ध्यानात आली असेल तर ती कंपनीच्या हिशेबनिसाच्या.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात काढली. या वेळी पैसा सराफाचा होता. सीतारामपंत कुलकर्णी यांनी भांडवल घातलं आणि ते प्रभातच्या पाच मालकांपैकी एक झाले. प्रभातचा इतिहास सांगताना पाचही नावं घेतली जातात, तशी पद्धतच आहे. पैसा घालणाऱ्याचं नाव चित्र काढणाऱ्याच्या शेजारी बसतं, हे मला अगदी योग्य वाटतं. ते अकराबारा वर्षं आधी कुणाला सुचलं नाही, एवढंच.

या प्रभातनं इथंच 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ केला आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. शिकलेल्या, मोठ्या घरातल्या. गुलाबबाईंना घराबाहेर काढणाऱ्या समाजानं बारा वर्षांत दुर्गाबाईंचं कौतुक केलं. काळ बदलला होता हे खरं, पण बाई कुठल्या घरातली आहे यावर कौतुक की बहिष्कार हे ठरत होतं, हेही तितकंच खरं. दुर्गाबाई पुढं निर्मात्याही झाल्या, माहितीपट-लघुपटांची कंपनी त्यांनी चालवली. 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्याच सुमारास मिटली.

कोल्हापूरच्याच जयप्रभा स्टुडिओबद्दल पूर्वीच्या स्मरणिकांत पुष्कळ आलंय, म्हणून फक्त माझ्या वहीपुरतं लिहिते. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत 1948 मध्ये तो जळाला, त्याचे मालक भालजी पेंढारकर कर्जात बुडाले, तरी त्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि 1959 मध्ये तो लता मंगेशकर यांनी विकत घेतला. मास्टर विनायकांच्या कंपनीत याच गावात पोटासाठी छोट्या भूमिका करणारी पोर स्टुडिओची मालकीण झाली. त्या जागेचं पुढं काय व्हावं यावर गावात आंदोलनं झाली. त्यात मी पडत नाही. कोल्हापूरच्या सिनेमाला अडीअडचणीला बाईचा पैसा लागला तो हा दुसऱ्यांदा, एवढं टिपून पुढं जाते.

आता बायकांनी बायकांवर केलेल्या एका चित्रपटासाठी निपाणीला जाऊ. इथून 40 एक किलोमीटर, बंगळूरच्या रस्त्यावर. जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक, बोली आपलीच. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत हजारो बायका राबत. तंबाखू कुटायचा, चाळायचा. नाकातोंडात धूळ, अंगाला वास, मजुरी जेमतेम आणि वर मुकादमाची नजर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या बायका संघटित झाल्या. चिकोडी तालुका कामगार महासंघ आणि सुभाष जोशी ही नावं त्या भागात अजून घेतली जातात. 1981 मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं तंबाखू आंदोलन इथंच झालं, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली, आणि निपाणी देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. वखारीतल्या बाया तेवढ्या आल्या नाहीत.

त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन आल्या त्या ‘युगांतर’च्या बायका. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रकार नवरोज काँट्रॅक्टर यांनी 1980 मध्ये हा गट काढला. बायकांच्या चळवळीसाठी चित्रपट करणारा देशातला पहिला गट म्हणून त्याचं नाव घेतात. 1981 मध्ये त्यांनी पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेवर ‘मोलकरीण’ केला आणि 1982 मध्ये निपाणीत ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. काळापांढरा, 16 मिलिमीटरचा, अर्ध्या तासाच्या आतला. वखारवाल्या बायकांसोबत राहून, त्यांच्याशी बोलून, काय दाखवायचं हे त्यांच्याबरोबर ठरवून तो केलेला आहे, आणि ते बघताना कळतं. बाई कॅमेऱ्याकडे गयावया करत बघत नाही, हिशेब मागते. किती पोती चाळली, किती पैसे मिळाले, संप केल्यावर किती वाढले. माझ्या वृत्तीला हा चित्रपट जवळचा का, हे यावरून कळावं.

हे चित्रपट थिएटरला लागण्यासाठी नव्हतेच. कामगार वस्त्यांत, संघटनांच्या बैठकांत पडदा बांधून दाखवायचे आणि मग बसून बोलायचं. अलीकडे बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेनं युगांतरच्या चित्रपटांची दुरुस्ती करून डिजिटल प्रती केल्या. निपाणीच्या वखारीतली बाई नीट दिसायला बर्लिनचा पैसा लागला. इथल्या सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक अहवालांची छपाई ज्या गुळगुळीत कागदावर होते, त्याच्या खर्चात काय काय झालं असतं, असा एक हिशेब मी एकदा सहज करून बघितला होता. तो इथं देत नाही.

आपलं मंडळ या ओळीतलं आहे असं मी म्हणते तेव्हा आमच्यातल्याच काहीजणी हसतात. आपण चित्रपट काढत नाही, दाखवतो. मान्य. पण दाखवायलाही पैसे लागतात, आणि बायकांच्या चित्रपटांच्या महोत्सवांचा जगभरचा इतिहास काढला तर तो बराचसा पैशाचाच निघेल. न्यूयॉर्कला 1972 मध्ये असा महोत्सव झाला. फ्रान्समधला 1979 मध्ये सुरू झालेला, पुढं पॅरिसजवळच्या क्रेतेयला स्थिरावलेला महोत्सव अजून चालतो. आपल्याकडे दिल्लीत रेडिओ-टेलिव्हिजनमधल्या बायकांची संघटना 2005 पासून आशियाई बायकांच्या चित्रपटांचा महोत्सव भरवते. कोल्हापूरला यातलं काही परकं वाटायचं कारण नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीनं गावाला जगभरच्या चित्रपटांची सवय लावलेली आहे. प्रेक्षक तयार होता. आम्हाला शोधायचा होता पैसा.

पहिला सल्ला मिळाला तो कंपन्यांकडे जायचा. कायदा 2013 चा. 500 कोटींची निव्वळ मत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा, यांतलं एक जरी असलं तर कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला द्यायचे. यादीत कला-संस्कृतीही आहे आणि स्त्री-पुरुष समानताही. शिरोली आणि गोकुळ शिरगावला कारखान्यांची कमी नाही, म्हणून प्रस्ताव करून आम्ही निघालो. एका ठिकाणी साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “लाभार्थी किती?” शिलाई मशीन वाटली की लाभार्थी मोजता येतो. चित्रपट बघून घरी गेलेल्या बाईला पुढं काय सुचलं, हे कुठल्या रकान्यात भरणार? त्यांनी शिलाई मशीनच सुचवली. साहेबांचा दोष नव्हता, त्यांच्या फॉर्मला रकानेच तसे होते.

परदेशातल्या संस्था देतील असं कुणीतरी सुचवलं. त्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला पैसा दुसरीला देता येत नाही आणि खातं दिल्लीच्या एकाच ठरलेल्या बँक शाखेत काढावं लागतं. तो विषय चहा संपायच्या आत संपला.

एखादा तयार प्रायोजक घेऊन पडद्यावर त्याचं नाव झळकवावं, हा तिसरा मार्ग. त्यावर आमच्यात सरळ दोन तट पडले. गोरखपूरला 2006 पासून ‘प्रतिरोध का सिनेमा’ चालवणारी मंडळी सरकारचा, कंपन्यांचा, मोठ्या संस्थांचा पैसा घेतच नाहीत. प्रेक्षकांपुढं झोळी फिरवतात. गुजरातेत तर 1976 मध्ये पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन ‘मंथन’ काढला. केरळात जॉन अब्राहमच्या ‘अम्मा अरियान’साठी गावोगाव वर्गणी जमली. ही उदाहरणं बैठकीत फार छान वाटतात. पण दूधउत्पादकांच्या मागं संघाची यंत्रणा होती, पैसे दुधाच्या बिलातून येत होते. आमच्यामागं होती ती पावतीपुस्तकं आणि रिक्षाभाडं.

शेवटी महाराष्ट्रातल्या हर एक मंडळानं केलं तेच केलं. स्मरणिका काढायचं ठरवलं. नाटक मंडळ असो, भजनी मंडळ असो की माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, निधी उभारायचा म्हणजे स्मरणिका आणि स्मरणिका म्हणजे जाहिराती. मागच्या कव्हरचा दर वेगळा, आतल्या कव्हरचा वेगळा, पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान, आणि ज्यांना नाही म्हणवत नाही त्यांच्यासाठी ‘एक हितचिंतक’. व्यापाऱ्याला जाहिरातीचा खर्च धंद्याच्या खर्चात टाकता येतो, देणगी म्हटलं की तो मागं सरकतो. पतसंस्था-बँकांचे धर्मादाय निधी असतात, त्यातून पान मिळतं. हे गणित मला फार लवकर पाठ झालं.

सराफांच्या गुजरीत गेलो तेव्हा मी मुद्दाम सीतारामपंतांची गोष्ट काढायचं ठरवलं होतं. दुकानात गर्दी नव्हती. मालकांनी गादीवरून न उठता स्टुलं पुढं सरकवायला सांगितली.

“पिक्चर कसलं म्हनायचं तुमचं?”

“बायकांचे चित्रपट आहेत.”

“म्हंजे कौटुंबिक.”

“तसंच काहीसं,” माझ्याबरोबरची म्हणाली आणि मी तिच्याकडे बघितलं.

मग मी प्रभातचं सांगितलं. कोल्हापूरच्या एका सराफानं पैसा घातला म्हणून शांताराम, दामले, फत्तेलाल उभे राहिले. त्यांनी मन लावून ऐकलं.

“आन् पैसं परत मिळालं काय त्येस्नी?”

“मालक झाले ते कंपनीचे.”

“मग आमालाबी करा की मालक,” ते हसत म्हणाले आणि नोकराला चहा सांगितला. अर्धं पान मिळालं. मजकूर त्यांच्याकडे तयारच होता: सुवर्णालंकारांनी खुलणाऱ्या स्त्रीसौंदर्याबद्दल दोन ओळी, खाली नथ घातलेली मुलगी. हुंड्यावरच्या माहितीपटाच्या माहितीसमोर हे पान येणार होतं. मी त्यांना विनंती केली की फक्त दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन छापू. ते म्हणाले, “छापा काय छापायचं ते, अक्षर मोठं ठेवा.” तेव्हापासून आपल्या स्मरणिकेत सगळ्याच जाहिरातींचा मजकूर एवढाच असतो. नियम आधी केला आणि मग पाळला असं नाही. तो या अर्ध्या पानातून आला.

कुणाची जाहिरात घ्यायची नाही, यावरची बैठक मात्र लांबली. तंबाखूचा प्रश्न सोपा होता, 2003 च्या कायद्यानं ती जाहिरातच बंद आहे. गोरं करणारी मलमं एका मतानं गेली. अडलं ते एका सोनोग्राफी सेंटरवर. पूर्ण पान, रंगीत, पैसे आगाऊ. सेंटरबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती, डॉक्टर भले होते. पण 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 839 मुली होत्या, हे आमच्यातल्या कुणाला विसरता येण्यासारखं नव्हतं. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथल्या सोनोग्राफी यंत्रांना नजर ठेवणारं उपकरण बसवायची मोहीम झाली, 2011 ला आकडा 863 वर आला. सुधारणा म्हणायची, पण हजाराला 137 मुलींची तूट राहिलीच. “सगळ्याच सेंटरला एका मापानं मोजणार का?” असं एकीनं विचारलं, आणि तिचं बरोबर होतं. “आपल्या अंकात ते पान बघून कुणाला काय वाटेल?” असं दुसरीनं विचारलं, तिचंही बरोबर होतं. मतदान झालं, पान गेलं, आणि त्या वर्षी प्रोजेक्टरचं भाडं हप्त्यानं दिलं. माझं मत पान घेण्याच्या बाजूनं होतं, ते अजून तसंच आहे. भल्या डॉक्टरांना नाही म्हणून बुऱ्यांना काही फरक पडला नाही.

पण निधीचा खरा आधार स्मरणिका नव्हती, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. तो आधार भिशीचा होता. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, राजारामपुरी, उपनगरांतल्या सोसायट्या, जिथं चार बायका आहेत तिथं भिशी आहे. महिन्याला ठरलेली रक्कम गोळा करायची, चिठ्ठी निघेल तिनं सगळी उचलायची. हा पैसा घरच्या हिशेबात धड नसतो, धड बाहेर नसतो. भिशीच्या दिवशी आम्ही जायचो, पंधरा-वीस मिनिटांचा एखादा लघुपट दाखवायचो, मग पावतीपुस्तक काढायचो. सुमित्रा भावे यांचा 1985 चा ‘बाई’ दाखवला की काही सांगावं लागत नसे. झोपडपट्टीतल्या बाईवरचा चित्रपट पाहून फ्लॅटमधल्या बायका आपापल्या नवऱ्याबद्दल बोलायला लागत. भिशीचा चिवडा हातात तसाच राही.

एक प्रसंग माझ्या चांगला लक्षात आहे. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई. 501 रुपये पुढं केले. मी विचारलं, “नाव काय घालू?”

“घाला की आमच्या ह्यांचंच.”

“पैसे कुणाचे?”

“माझेच. पोळ्यांचे.”

“मग?”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. शेजारणीकडे बघितलं. “बरं, माझं घाला. पर ती पावती तुमच्याजवळच ठेवा.”

ती पावती माझ्या फायलीत आहे. अशा आणखी आहेत. देणगीदार बाईचं पहिलं नाव, मग तिला हवं असेल तर आडनाव, हवं तर माहेरचं. ‘सौ.’ लावायचं की नाही हे तिला विचारायचं. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही. पण बहुतेक रकमा त्याच्या कितीतरी खाली असतात, म्हणून तो प्रश्न येत नाही. ऑडिटरांना एवढ्या बारीक पावत्यांचा वैताग येतो. त्यांचं म्हणणं, दहा मोठे देणगीदार गाठा, माझंही काम हलकं होईल, तुमचंही. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण दहातला एक रुसला तर दहावा भाग जातो, शिवाय तो रुसू नये म्हणून कुठला चित्रपट दाखवायचा नाही हे आपणच आधी ठरवायला लागतो. पोळीवाल्या ताई रुसल्या तर 501 जातात.

जागेचा खर्च हा आमच्या वहीतला सगळ्यात चढा आकडा. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत गेलं, तेव्हा परवडणारं मोठं सभागृह मिळण्याची अडचण सगळ्याच मंडळांना झाली. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन सगळ्यांना हवं असतं आणि तारखा मोजक्याच. मल्टिप्लेक्सचा पडदा सुंदर, पण त्याचं भाडं भरायचं तर तिकिटाचा दर आमच्या ठरावात बसत नाही. एका वर्षी म्हणून आम्ही महोत्सव फोडून तीन पेठांतल्या तीन सभागृहांत नेला. गर्दी वाढली, पण प्रोजेक्टरची ने-आण, विजेचे जोड, खुर्च्या यांत वाचलेलं भाडं परत गेलं. उलट एक गोष्ट झाली: ज्या बायका दसरा चौकापर्यंत संध्याकाळी एकट्या येत नव्हत्या, त्या चालत आल्या.

मानधनावर मात्र आजवर तडजोड केलेली नाही. चित्रपट करणाऱ्या बायकांना सगळीकडून पहिली मागणी येते ती चित्रपट फुकट दाखवू देण्याची, कारण ‘काम चांगलं आहे’. चांगल्या कामाला फुकट म्हणायची ही खोड फार जुनी. आम्ही रक्कम लहान देतो, पण महोत्सव सुरू व्हायच्या आधी देतो. एका दिग्दर्शिकेनं उलट कळवलं होतं की पैसे जमा झाल्याचा मेसेज बघून बँकेची काही चूक झाली असं तिला वाटलं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांसाठी केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याची सूट घ्यावी लागते, तो कागद कार्यवाह सांभाळतात, त्याबद्दल त्यांनीच कधीतरी लिहावं. त्यातले किस्से माझ्या किश्शांपेक्षा चांगले आहेत.

यंदाच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव आला होता. देणगीदारांच्या यादीत रकमेनुसार क्रम लावावा, म्हणजे मोठ्या देणगीदारांना बरं वाटेल. तो नामंजूर झाला. यादी अकारविल्हे छापली आहे, रकमा छापलेल्या नाहीत. यादीच्या आधीच्या पानावर एक नाव वेगळं छापावं, अशी सूचना मी मांडली आणि ती मान्य झाली. तानीबाई कागलकर, कोल्हापूर. रक्कम नाही, पावती क्रमांक नाही.

जाता जाता कोषाध्यक्ष म्हणून दोन गोष्टी. ज्या जाहिरातदारांची रक्कम अजून यायची आहे त्यांची नावं मी इथं देत नाही, त्यांना ती ठाऊक आहेत. आणि पावतीपुस्तकं घेऊन गेलेल्या सभासदांनी अर्धवट भरलेली असली तरी ती परत आणून द्यावीत. कोऱ्या पावत्यांचाही हिशेब ऑडिटरांना लागतो.